सातवी पायरी

हिंजवडीतल्या त्या ऑफिसात पहिल्या दिवशी नव्या माणसाला तीन गोष्टी मिळत: लॅपटॉप, गळ्यात अडकवायचं कार्ड आणि एक फाईल. वेबसाइटचा तयार सांगाडा आपल्या लॅपटॉपवर उतरवून चालू कसा करायचा, ते त्या फाईलमध्ये पायरीपायरीनं लिहिलं होतं. वर्ध्याहून आलेल्या अपेक्षानं इमानेइतबारे एकेक पायरी केली, आणि दुपार झाली तरी स्क्रीनवर लाल अक्षरांशिवाय काही म्हणजे काही उमटेना. रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं... अगं बाई, फाईलमध्ये सहानंतर थेट आठ!

"सातवी पायरी कुठे गेली?" तिनं शेजारच्या खुर्चीतल्या मुलाला विचारलं.

"ती माझ्याकडे असते," तो मान न वळवता म्हणाला. "लिहून ठेवली तर माझ्याकडे कोण येईल?"

हा प्रज्ञेश. कर्वेनगरचा, सरळ बोलणं ठाऊक नसलेला. तो सांगाडा चार वर्षांपूर्वी त्यानंच उभा केला होता. खुर्ची सरकवून तो जवळ आला आणि त्यानं नमुन्याच्या फाईलची प्रत काढून त्यातल्या कोणत्या दोन ओळी बदलायच्या ते दाखवलं. एवढा हुशार माणूस, पण टाइप करायचा दोनच बोटांनी. तिला हसू आलं. त्यानं बटण दाबलं आणि स्क्रीनवर पांढरं पान उघडलं. त्यावर एकच शब्द — नमस्कार.

सातवी पायरी तिला त्याच दिवशी पाठ झाली होती. तरी दर सोमवारी ती विसरायची. का विसरायची, हे काय तुम्हाला सांगायला हवं? "पुण्यात एकदा सांगितलेलं परत सांगत नाहीत," असं म्हणून तो दर सोमवारी परत सांगायचा. मग कंपनीच्या बसमध्ये शेजारची जागा आली. मग रविवारी मंडईत त्याच्या आईसाठी मेथीच्या जुड्या निवडणं आलं, आणि पिशवी घेताना बोटाला बोट लागणं आलं.

मार्चमध्ये एकदा वाकडच्या सिग्नलला बस अर्धा तास अडकली. तेव्हा त्यानं सांगितलं की तो एजन्सीतर्फे कॉन्ट्रॅक्टवर आहे, जूनमध्ये कायम करतो म्हणालेत.

"कायम झालो की वर्ध्याला येतो... तुझ्या बाबांना भेटायला. चालेल?"

"पत्ता लिहून देऊ?"

"नको. विचारत विचारत येईन."

त्या दिवसापासून अपेक्षा जून महिन्याची वाट बघू लागली.

मे महिन्यात तो मावसबहिणीच्या लग्नाला बीडला गेला, आणि नेमकी त्याच आठवड्यात चार नवी मुलं रुजू झाली. चौघंही लाल अक्षरांपुढे हताश बसली. प्रज्ञेशचा फोन लागेना. लग्नघरात त्याला कशाला त्रास, असं म्हणून अपेक्षानं फाईल उघडली आणि सहा-आठच्या मधे सातवी पायरी लिहून टाकली. इतकी सोपी की शेंबड्या पोरालाही कळावी. खाली मोठ्या प्रेमानं त्याचं नाव घातलं. मुलं पंधरा मिनिटांत कामाला लागली. टीमच्या मॅनेजर शर्मिला मॅडमनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. कौतुक कुणाला नको असतं? ती दिवसभर हवेत होती.

तो परत आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. कायम करणं राहिलं बाजूला, कॉन्ट्रॅक्टही वाढणार नव्हतं. त्याच्याशिवाय कुणाचं काम सुरूच होत नाही, म्हणून त्याला ठेवला होता. आता होत होतं. पुरावा म्हणून मॅडमनी त्याच्यापुढे अपेक्षानं लिहिलेलं पान ठेवलं.

संध्याकाळी बसथांब्यावर तिनं त्याला गाठलं. "मला वाटलं, तू नुसता चिडवतोस... लिहून ठेवली तर कोण येईल म्हणून."

"चिडवतच होतो. आणि घाबरतही होतो."

"मला सांगायचंस ना रे."

"काय सांगायचं? तुझा होणारा नवरा एका पायरीवर टिकून आहे म्हणून?"

"पहिल्याच दिवशी पाठ झाली होती मला. सोमवारी उगीच विचारायचे मी."

"माहीत होतं," तो म्हणाला. "म्हणून तर सांगायचो."

हैदराबादला एक काम आहे, तिकडे जातो, असं त्यानं सांगितलं. वर्ध्याचं तिनं विचारलं, तेव्हा तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "राग नाही गं. पण बाबांसमोर बसलो की तेच पान दिसेल मला. नको..." कंपनीच्या बसची वाट न बघता तो दुसऱ्याच बसमध्ये चढला. खिडकीजवळ बसला, पण बाहेर बघितलं नाही.

जुलैत त्याच्या खुर्चीवर प्रियदर्शनी नावाची नवी मुलगी आली. तिनं फाईल उघडली. अपेक्षा डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होती. पाचवी पायरी, सहावी, सातवी... पंधरा मिनिटांत पांढरं पान उघडलं. नमस्कार.

"अडलं तर विचार हं," अपेक्षा म्हणाली. आवाज तिचा तिलाच केविलवाणा वाटला.

"नाही अडणार. सगळं छान लिहिलंय," मुलगी म्हणाली आणि तिनं कानाला हेडफोन लावले.