सतरा नंबरचा ताप

“शंका आली की आधी माणसाला विचारायचं, मग यंत्राला नावं ठेवायची,” असं ऑफिसातल्या मोठ्या बाईंनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण सलग नवव्या दिवसाची ड्युटी, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी... तिनं कुणालाच विचारलं नाही. ‘सेन्सर सतरा बिघडलाय, बदलावा,’ एवढं लिहून ती मोकळी झाली.

तिसऱ्या दिवशी एक माणूस तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. बुटांना चिखल, चेहरा शिणलेला. डोंगरावरच्या सेन्सरची देखभाल त्याच्याकडे; ऑफिसात त्याला सगळे डोंगऱ्या म्हणत. तिनं मात्र आजवर नुसतं नावच ऐकलं होतं. त्यानं रुमालात गुंडाळलेला सेन्सर अलगद टेबलावर ठेवला.

“घ्या तुमचा पेशंट. चार तास चढून काढून आणलाय. ठणठणीत आहे.”

“रोज दुपारी एकला त्याला ताप चढतो, आकडा वर जातो. अर्धा तास. ठणठणीत कसा?”

तो जरा घुटमळला. “एकला... मी तिथं डबा खातो. सावलीत टेकायला तेवढा एकच खांब आहे. ताप नाही मॅडम — माझी पाठ आहे ती. टेकलो की खांब जरा कलतो.”

तिला हसू आलं. किती दिवसांनी, ते तिचं तिलाच आठवेना.

तिचं काम तसं कंटाळवाणं. डोंगराच्या उतारावर ऐंशी खांब रोवून त्यांवर सेन्सर लावलेले; माती किती भिजली, किती सरकली, ते सांगणारे. त्यांचा आवाज मुंगीएवढा, त्यात मधे कडे आडवे. म्हणून वीस किलोमीटर उंचीवर, ढगांच्याही वर, एक बिनमाणसांचं विमान उन्हाच्या जोरावर घिरट्या घालायचं. सगळे त्याला घार म्हणत. घार ऐंशी जणांचं ऐकायची आणि हिच्या पडद्यावर पोचवायची. त्या भरवशावर उताराखालचं गाव निवांत झोपायचं.

सेन्सर परत खांबावर गेला. दुपारी एकला तिची नजर आपसूक सतराकडे वळू लागली. आकडा चढला की तीही डबा उघडायची. संध्याकाळी त्याचा फोन यायचा.

“आज दहाच मिनिटं टेकलात.”

“पहारा ठेवता की काय माझ्यावर?”

“पगार त्याचाच मिळतो मला.”

एका संध्याकाळी मात्र त्याच्या आवाजातला जीवच गेला होता. “घार तीन आठवडे खाली उतरवणार आहेत, दुरुस्तीला. तोवर रोज ऐंशीच्या ऐंशी खांबांशी जाऊन, हातातल्या रिसीव्हरवर ऐकायचं. एकट्यानं. एखादा चुकला आणि तिथलीच माती सरकली तर...”

“दुसरं माणूस मागा ना.”

“मागितलं. नाही म्हणाले. एक विचारू? दमलोय म्हणून बडबडतोय असं नका समजू... जन्मभर लांबूनच बघणार आहात का माझ्याकडे?”

“घार उतरली की सांगते. समोर येऊन. आणि खालचे चाळीस खांब माझे.”

“दमाल हो.”

“दमलेच आहे. बसून दमण्यापेक्षा चालून दमेन.”

तो हसला, पण त्याला ते खरं वाटलं नसावं.

घार उतरली. पडद्यावरचे ठिपके एकेक करून विझले. मोठ्या बाईंनी तिच्या रजेवर सही केली. “डोळे बघ कसे झालेत. आता पोटभर झोप काढ.” तिनं मान डोलावली आणि जाता जाता स्टोअरमधून सही करून दुसरा रिसीव्हर घेतला.

सकाळी उजाडताना जाग आली तेव्हा अंग नुसतं आंबलं होतं. उशी सोडवेना. आज नाही गेलं तर कोण विचारणार होतं? तोही नाही. तो काही न बोलता ऐंशी खांब फिरला असता, आणि पुन्हा कधी काही विचारलं नसतं.

ती उठली. पलीकडे आई झोपली होती. तिची झोपमोड नको म्हणून तिनं बूट हातातच घेतले, रिसीव्हर खांद्याला लावला, दार हलकेच ओढून घेतलं. पायरीवर बसून नाड्या घट्ट बांधल्या आणि डोंगराच्या वाटेला लागली.