भुंग्याचा चौथा पाय

भुंग्याने अंगणात एक पाऊल टाकलं आणि तो धपकन पडला. नवा यंत्रपाय जमिनीला टेकला, की आतली स्प्रिंग त्याला वरखाली नाचवायची. बिचारं कुत्रं घाबरून कुंईकुंई करायचं.

"आजोबा, मंगळावरच्या यंत्रांचे पाय तुम्ही बनवलेत ना? मग हाच का थरथरतो?" केतकीने रडवेल्या सुरात विचारलं.

राधानगरीच्या डोंगरात दरड कोसळली, तेव्हा भुंग्याचा एक पाय गेला होता. त्याने चालणं सोडलं तर पाठीचे स्नायू वाळतील, असं प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई बजावून गेल्या होत्या.

स्प्रिंगचं नाचणं आवरायला यंत्रपायात तेलाची नळी होती. तिचा स्क्रू दोनवर होता. केतकीने तो दहापर्यंत पिळला. थरथर थांबली, पण वाकलेला पाय इतका सावकाश सरळ होऊ लागला, की भुंगा तो फरफटतच नेऊ लागला.

"अंदाजाने पिळू नकोस, बाळा. पायालाच विचारू," म्हणत आजोबांनी खडूने फरशीवर लिहिलं:

x″ + cx′ + 9x = 0

"x म्हणजे पाय जागेवरून किती हलला. x′ त्याचा वेग. x″ म्हणजे त्वरण (वेग किती झपाट्याने बदलतो ते). 9 हा स्प्रिंगचा जोर, c तेलाचा विरोध, म्हणजे स्क्रूवरचा आकडा. पायाचं वस्तुमान एक मानलंय. हे अवकल समीकरण (बदलाच्या दरांचं समीकरण). बदलाचा बदल मोजला, म्हणून दुसऱ्या क्रमाचं."

"पण यातून x कसा काढायचा?"

"ज्याचा बदल काढला तरी रूप तेच राहतं, फक्त r पट होतं, असं काहीतरी घ्यायचं. e चा rt वा घात तसाच आहे (e ही 2.718… संख्या, t म्हणजे वेळ). बदल दोनदा काढला तर?"

"r गुणिले r!" केतकीने खडू हिसकावलाच. "म्हणजे r² + cr + 9 = 0. अय्या, हे तर आमचं वर्गसमीकरण!"

तिने विवेचक काढला: c² − 36. c दोन असेल तर तो ऋण.

"म्हणजे r ला वास्तव उत्तर नाही. तेव्हा पाय झुलतो," आजोबा म्हणाले.

दहा असेल तर उत्तरं −1 आणि −9.

"त्यातलं −1 हळूहळू विरतं. म्हणून पाय रेंगाळतो."

"आणि सहा असेल तर विवेचक शून्य! पण दोन्ही उत्तरं −3 च येतात."

"मग दुसरं उत्तर पहिल्याला t ने गुणून मिळतं. आता झुलणं नाही, रेंगाळणं नाही. पाय लवकरात लवकर जागेवर."

केतकीने स्क्रू सहावर आणला. भुंगा उठेना. ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली, हात पसरून नुसती "ये रे राजा" म्हणत राहिली. अखेर त्याने पाऊल टाकलं. पाय वाकला, सरळ झाला, शांत राहिला. भुंग्याने मान वळवून त्या पायाकडे पाहिलं, पुन्हा पाऊल टाकलं, आणि केतकीचं तोंड चाटून तो थेट दगडी पायऱ्यांकडे निघाला.

"आजोबा, पायऱ्या त्याला सारखा धक्का देणार. मग समीकरणात उजवीकडे शून्य कसं राहील?"

आजोबा भुंग्याला विसरून नातीकडेच बघत राहिले.

"नाही राहणार. पण त्याचंही उत्तर निघतं," ते म्हणाले. "खडू घे बरोबर."

आणि दोघं भुंग्यामागे पायऱ्या उतरू लागली.