परत आलेलं पत्र

जिन्याच्या वळणावर दोघांची टक्कर झाली आणि तिच्या फायली थेट तळमजल्यापर्यंत घरंगळल्या.

"माफ करा... मी नवा ऑडिटर," तो चष्मा सावरत म्हणाला.

"अरे देवा! म्हणजे आता रोजच जपून चालायला हवं," ती म्हणाली.

काकांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात हिशोब तीच लिहायची. पुढचे दोन आठवडे तो समोरच्या टेबलावर बसला. गुंतवणुकीचे कागद पडताळताना तो मान वर करायचा, नेमकी तेव्हाच ती बघत असायची, आणि मग दोघंही आकड्यांत डोकं खुपसायची. अशा गोष्टी काय लपतात होय!

"तुम्ही कुणावरच विश्वास ठेवत नाही का हो?"

"कागदावर ठेवतो. माणसांवर... शिकतोय."

त्या मंगळवारी त्यानं तिच्यापुढे एक पाकीट ठेवलं. 'एवढी बाकी मान्य आहे का?' अशी पत्रं त्यानं सगळ्या उधारीवाल्यांना पाठवली होती. त्यातलं हे परत आलं होतं. वर शेरा होता: दुकान कायमचं बंद.

तिच्या पायांखालची जमीनच सरकली. चार लाखांची ती उधारी तिनं 'वसूल होणारी' दाखवली होती. नफा बारा लाख, शेअर एक लाख, म्हणजे शेअरमागे कमाई बारा रुपये. ही रक्कम बुडीत लिहिली की उरणार आठ. आणि काका तिला दारातही उभं करणार नाहीत.

"हे पैसे येतील?" त्यानं हळूच विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं! पण त्याच्याकडे बघून तिला खोटं बोलवेना.

"नाही. ते दुकान माझ्या दादाचं होतं. मी... झाकून ठेवलं."

तो पांढराफटक पडला. ती तडक उठली, रक्कम बुडीत लिहिली आणि कागद काकांपुढे नेऊन ठेवला.

"आठ?" काका ओरडलेच. "घरचा म्हणून झाकलंस? माझ्यापासून?"

नोकरी गेलीच, असं ती धरून चालली होती.

तेवढ्यात तोही आत आला आणि त्यानं एक कागद पुढे केला. कंपनीत कुणी नात्यातलं आहे का, हे प्रत्येक ऑडिटरला लिहून द्यावं लागतं. काकांनी तो मोठ्यानं वाचला.

"'सध्या नाही. हिशोब लिहिणाऱ्या बाईंनी होकार दिला तर होईल. सबब मला या कामातून मोकळं करावं.'"

काकांनी आ वासला तो मिटेचना. तिचा तर कानांवर विश्वास बसेना.

"शुद्धीवर आहात ना?" ती पुटपुटली.

"काल हे पत्र परत आलं. उधारीच्या यादीत त्या रकमेपुढे 'वसूल होणारी' असं तुमचं अक्षर दिसलं, आणि मला पत्र फाडून टाकावंसं वाटलं... मला! तेव्हाच कळलं, मी या कामाचा राहिलो नाही."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर काम गेलं, आणि तुम्हीही."

काकांना अखेर वाचा फुटली. "भावानं चार लाख बुडवले, बहिणीनं ऑडिटर पळवला! निघा दोघं इथून! आणि तू... उद्या वेळेवर ये."

बाहेर येताच तिला रडू आणि हसू एकदमच आलं.

"रविवारी घरी या," ती म्हणाली. "दादा असेल. बिचारा शरमेनं कुणाशी बोलत नाही, तेव्हा पैशांचं काढू नका."

"मग काय बोलू?"

"मी हो म्हटलंय... एवढंच सांगा."