न आलेल्यांच्या होड्या

स्वीडनची माणसं जेवायला सोपी. तिखट नको, तेल बेताचं, आणि सोलकढी दिली की तक्रार नाही. हेदवीच्या पुढे खाडीच्या तोंडावर आमचा सडा आहे, उघडं कातळाचं पठार. तिथे २००२च्या डिसेंबरात चौघं उतरली आणि त्यांच्या जेवणाचं काम माझ्याकडे आलं. चिरेखाण वाढवताना जांभ्याच्या कातळात मातीने भरलेले जुने खड्डे लागले होते. प्रत्येक खड्ड्याभोवती उभे दगड, होडीच्या आकारात लावलेले. दोन्ही टोकांना उंच, मध्ये बुटके. खाणवाला ते उपटून कुंपणाला लावणार होता. तेवढ्यात कुणीतरी पुण्याच्या उत्खननवाल्यांना कळवलं, आणि त्यांनी थेट स्वीडनला.

त्यांच्यातली सिग्ने मराठी बोलायची. पुण्यात शिकलेली, म्हणून पुस्तकी. पहिल्याच दुपारी विचारते, "यमुनाबाई, आपण भोजन केलेत का?"

"बाय गो, मी केलेलं भोजन आधी तू कर. माझं मागाहून बघू."

माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं. भांडी झाली की मी खड्ड्यांपाशी जाऊन बसायची. पुण्याहून आलेली मुलगी तापाने परत गेली, तेव्हा सिग्नेने तिचं काम मला शिकवलं. गोल कागदावर चिमूटभर माती घ्यायची, तिच्यावर एका बाटलीतला थेंब, मग दुसऱ्या बाटलीतला. जिथे कधीकाळी देह कुजला असेल, तिथली माती कागद निळा करते. जांभ्याची माती हाडं खाऊन टाकते, पण तेवढी खूण मागे उरते. तपासलेला कागद मी झावळीच्या हिराला, म्हणजे खराट्याच्या काडीला, टोचून, माती उचलली त्याच जागी रोवायची. मासे, शेण, राख यांनीही कागद निळा होतो, म्हणून खड्ड्याजवळ मी कुणाला खाऊ देत नसे. त्यांच्या म्हाताऱ्या प्राध्यापकांना एकदा बिस्किटासकट हाकललं होतं.

पण निळा कागद कुठे निघालाच नाही. एकेक खड्डा उघडायचा, तळाशी एका टोकाला पालथं गाडगं, आणि सगळे हीर पांढरे. वाऱ्यावर हलायचे, जाईच्या कळ्यांसारखे.

"कुणी उचलून नेले असतील," मी म्हटलं.

"नाही. इथे कोणाला ठेवलेच नव्हते." सिग्ने समुद्राकडे बघत होती. "आमच्या देशातही अशा दगडी होड्या आहेत. मला वाटते, या होड्या मेलेल्यांच्या नव्हेत. समुद्रावरून जे आले नाहीत, त्यांच्या."

"दिवस घालायला?"

"निरोप द्यायला, कदाचित. किंवा बोलवायला. कोण सांगणार?"

मी उठून आमटीला उकळी आली का बघायला गेले. उकळी केव्हाच येऊन गेली होती.

माझा मुलगा संदेश आदल्या वर्षी, मे सरता सरता ट्रॉलरवर गेला. वादळ झालं. ट्रॉलरच्या फळ्या आंजर्ल्याच्या किनाऱ्याला लागल्या, माणूस एकही नाही. बाकीच्या घरांनी दर्भाचे पुतळे केले, जाळले, दिवस घातले. मी घातले नाहीत. पुतळा जाळला की माणूस गेला. मग तो दारात येऊन उभा राहिला तरी आमच्याकडे त्याला घरात घेत नाहीत. संदेश डावं पाऊल आत टाकत चालायचा, जन्मापासूनच ते वळलेलं. जेटीवर शंभर माणसं उतरली तरी मी त्याला चालीवरून ओळखायची. तो असा फळ्यांच्या हिशेबात जाईल हे मला पटत नव्हतं.

माझी सून कमळा बाविशीची. दिवसभर मासळी सुकवायची आणि कुंकू आरशात न बघता लावायची. तिचा भाऊ भागोजी पोफळीच्या पॉवरहाऊसवर कामाला. तो दर सुट्टीला यायचा.

"मावशी, घटकाभराचं काम. पुतळा जाळायचा की झालं. कॉलनीत चांगला माणूस हाय, बायको वारलेली. तो तरी किती थांबंल?"

"मी काय तिला दाव्याला बांधलीय?"

"तीच नाय म्हणते ना!"

कमळा चुलीशी होती. मान वर न करता म्हणाली, "मी गेले न् मागाहून ते आले, तर?"

"तर मी वाढीन त्याला. तुझ्यापेक्षा बरं करते मी कालवण."

भागोजी हसला नाही. कमळा हसली, आणि ते बघून मला जास्त वाईट वाटलं. पोर वाळत चालली होती, सुकटीसारखी. मला काय दिसत नव्हतं?

शेवटची होडी जानेवारीत उघडली. तीही पांढरी. चित्रं काढून व्हायची होती, म्हणून गाडगं जागेवरच होतं. भर दुपारी सगळे तंबूत पेंगत असताना मी खड्ड्यात उतरले. संदेशचा तान्हेपणीचा करदोटा आणला होता, काळ्या गोफाचा. मुद्दाम धुऊन, वाळवून. कागदाला उगीच काही लागायला नको. गाडगं उचललं, करदोटा खाली ठेवला, गाडगं परत पालथं घातलं आणि त्याला हाक मारली. एकदाच, हळू. मग माझं मलाच हसू आलं. वर येऊन मी टोप घासले.

दुसऱ्या दिवशी गाडग्याशेजारचा एक कागद निळा झाला.

"इथे कोण जेवले?" सिग्नेने विचारलं.

"माझ्या राज्यात?"

पुन्हा माती घेतली. पुन्हा निळा.

त्यानंतर रोज सकाळी निळे हीर वाढत गेले. आधी डोक्याएवढा गोल. मग खांदा, मग पाठीची वाकलेली रेघ. कुणीतरी कुशीवर निजलं होतं, गुडघे पोटाशी घेऊन, समुद्राकडे पाठ आणि वाडीकडे तोंड करून. चौघांनी भराभर फोटो काढले. मग त्यांचं आपापसातलं बोलणं कमी झालं. मग फोटोही थांबले.

"यमुनाबाई, माती अशी बदलत नाही," सिग्ने म्हणाली. "याला वर्षे लागतात. आणि या जागेवर मी स्वतः तपासले होते. पांढरे होते."

"मग?"

"मग मला नाय ठाऊक." ती पहिल्यांदाच आमच्यासारखी बोलली.

पायांकडची माती मी कुणाला घेऊ दिली नाही. उजव्या पावलाचे हीर सरळ गेले.

डाव्याचे आत वळले.

मी घरी आले. कमळा अंगणात बांगडे उलटत होती.

"भागोजीला निरोप धाड. भटजींना पण."

तिच्या हातातला बांगडा तसाच राहिला. "आई, गावले ते?"

"गावला."

"मना बघू दे."

"बघण्यासारखं नाय गो काय."

ती खूप रडली. मी पाणी आणून दिलं. दर्भ पटकन जळतो, त्याला लाकडासारखा वेळ लागत नाही. खाडीच्या तोंडाशी भटजी मंत्र म्हणत होते आणि मी सड्याकडे पाठ करून उभी होते. दिवस झाले आणि भागोजी कमळेला पोफळीला घेऊन गेला. जाताना तिने माझं डोकं विंचरून दिलं. म्हणाली, "शिमग्याला येते." मी म्हटलं, "नको येऊस. तिथंच रुळ."

त्यानंतर सड्यावर गेले. सिग्ने शेवटच्या होडीत गुडघ्यांवर बसली होती. भोवती नवे कागद.

सगळे पांढरे.

"कधीपासनं?"

"तुम्ही कामावर आला नाहीत, त्या पहिल्या दिवसापासून." गाडगं उताणं पडलं होतं. खालचा करदोटा नव्हता. "इथे काय होते, यमुनाबाई?"

"माझा मुलगा."

ठरलं होतं त्याच्या आधीच त्यांनी तंबू सोडले. उरलेल्या बाटल्या आणि कागद सिग्ने माझ्या हातात देऊन गेली.

आता घरात मी एकटी. दोन माणसांचा भात टाकायची सवय मोडत नाही, उरलेला शेजारच्या कुत्र्याला घालते. ते आधी पायरीवर येऊन खायचं. हल्ली पायरी चढत नाही. अंगणात उभं राहून माझ्या बाजूला बघतं आणि शेपूट पायांत घालतं.

पायरी जांभ्या चिऱ्याची. मी ती रोज सकाळी धुते. तिथे शेण नाही, मासळी नाही. म्हणून चिरा जरासा खरवडून कागद घेतले.

दोन जागी निळा झाला. एक सरळ, एक आत वळलेला. चवडे दाराकडे.

घरात शहाबादी फरशी आहे, संदेशने पहिल्या कमाईतून घातलेली. तिच्यावर कागद पांढरा राहतो. मी दार दिवसभर उघडं ठेवते. "ये रे आत," म्हणते. "मी घेते तुला, कोण काय म्हणतंय बघू." ताट वाढते. आतला कागद पांढराच.

आज पायरीवरचं डावं पाऊल उंबऱ्याला टेकलं आहे. तिथला कागद इतका गडद झाला की काळा वाटावा.

उंबऱ्याच्या आत मी बोटभर अंतरावर दुसरा ठेवला. तो पांढरा आहे.