रिकामी सोडलेली चार आवर्तनं

ती रेकॉर्ड बंद करा आधी. हं, असं. आणि एल्रॉय, तू ती बोटं टेबलावर वाजवणं थांबव बाबा. रागावलो नाही रे. पण आता जे सांगणार आहे ते ऐकताना कोणी ठेका धरू नये, एवढंच म्हणणं आहे माझं. का ते कळेलच.

क्लिओफस टीझडेल हा आमच्या बँडचा ड्रमर. मी ट्रॉम्बोन घेऊन त्याच्या उजव्या हाताला बसायचो, म्हणून हे सगळं मला त्याच्या तोंडून कळलेलं आहे. तेव्हा ड्रमला खरंखुरं वासराचं चामडं असायचं, तुमच्यासारखं प्लास्टिक नाही. चामडं हवेला लगेच रुसतं. जरा ओल लागली की ढिलं पडतं, मग वाजवा पापड. चांगला ड्रमर स्वतः थंडीत कुडकुडेल, पण ड्रमला शेकोटीजवळ ठेवेल. त्या रात्री क्लिओफस उठला तो एवढ्यासाठीच. बाकी काही त्याच्या मनात नव्हतं.

तारीख मला पाठ आहे. बारा फेब्रुवारी एकोणीसशे अडतीस, शनिवार, लिंकनच्या वाढदिवसाचा डान्स. गाव ओक्लाहोमातलं. नाव सांगत नाही, माझ्या ओळखीची माणसं अजून राहतात तिथे. रुळांच्या आपल्या, काळ्या वस्तीच्या बाजूला धान्याचं गोदाम होतं आणि त्याच्यावर आपल्या लोकांच्या लॉजचा, म्हणजे बंधुमंडळाचा, हॉल. काय रंगला होता तो डान्स! आठवडाभर दुसऱ्यांचे कपडे धुऊन हात सोललेल्या बायका, कापसाच्या गिरणीतले हमाल, रेल्वेतले पोर्टर, सगळे इस्त्रीचे कपडे घालून आलेले. पोरं पोरींना खांद्यावरून पलीकडे फेकत होती आणि पोरी मांजरीसारख्या पायांवर पडत होत्या. फळ्या अशा हलत होत्या की खालची पोती नाचत असतील. त्या चार तासांत कोणी कोणाचं नोकर नव्हतं. आता तुम्ही म्हणता, अंकल, ते जुनं संगीत. अरे, ते संगीत नव्हतं, ते आमचं औषध होतं.

आणि त्या रंगात मधोमध अर्लीन. क्लिओफसची धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची. बुटांच्या तळाला पत्र्या ठोकून नाचायची. तिचं नाचणं सुरू झालं की इतर जोड्या गोल करून उभ्या राहायच्या. ही दोघं लहानपणापासून एक खेळ खेळायची. आई लोकांकडे कामाला गेली की क्लिओफस चमच्यांनी तवा बडवायचा, अर्लीन भांडी घासता घासता पायांनी उत्तर द्यायची. चार आवर्तनं त्याची, मग तो गप्प. चार तिची, मग पुन्हा तो. सवाल-जवाब. नियम एकच. मधेच जो थांबेल तो हरला. खेळ मोडायचा असेल तर ड्रमरनं निरोपाचे ठोके द्यायचे, ते आपल्यात शेंबड्या पोरालासुद्धा माहीत आहेत, आणि नाचणाऱ्यानं ते पायात घेऊन थांबायचं. मग कोणी हरलं नाही, कोणी जिंकलं नाही. आई गेली तेव्हा क्लिओफसचा हात धरून म्हणाली होती, "पोरीला कुठे एकटी सोडून येऊ नकोस." त्यानं लग्न केलं नाही ते त्याचपायी.

पण त्या रात्री दोघांची ही करामत झालीच नाही. बँडचा लीडर आधीच म्हणाला होता, "इथे मधे जागा सोडायची नाही. सलग वाजवायचं. हॉलवाल्यांची अट आहे." क्लिओफस चिडला, अर्लीन तर फुगूनच बसली. पण लीडरपुढे कोण बोलणार?

बाराच्या ठोक्याला हॉल बंद झाला, कारण रविवार लागला. गावातलं हॉटेल आपल्याला घेत नव्हतं, तेव्हा कुठलंच घेत नव्हतं. म्हणून आम्ही घराघरांत पांगलो. क्लिओफस आणि अर्लीन हॉलच्या रखवालदाराकडे, मिस्टर सग्ज यांच्याकडे. म्हातारा-म्हातारी दोघंच. त्यांनी डुकराचं मटण आणि मक्याचा पाव वाढला, शेगडीपाशी गाद्या घातल्या. दिवा मालवला, आणि बाहेर बर्फमिश्रित पाऊस सुरू झाला.

क्लिओफस उठून बसला. "माझी चामडी मेली!"

"झोप रे," अर्लीन म्हणाली. मग तीही उठली. "थांब, मीपण येते. माझे बूट तिथेच राहिलेत. सोमवारी टल्साला काय अनवाणी नाचू?"

मिस्टर सग्ज किल्ली द्यायला आले. रात्रीची टोपी, लोकरीची अंतर्वस्त्रं, आणि तोंडावर आठ्या.

"ड्रम उचलायचे आणि यायचं," ते म्हणाले. "वाजवायचं नाही."

"अहो, एवढ्या थंडीत कोण वाजवतंय?"

"वाजवलंसच तर मधे जागा सोडू नकोस. आणि चुकून सोडलीस, तर..."

"तर काय? जागेचं भाडं पडतं का, मिस्टर सग्ज?"

अर्लीन फिसकन हसली. म्हाताऱ्याला ते लागलं. त्यांनी किल्ली टेबलावर टाकली. "शहाणी माणसं तुम्ही. जा," म्हणाले आणि आत गेले. वाक्य पुरं झालंच नाही. चेष्टेला काय, जीभ चटकन उचलली जाते.

हॉल रिकामा होता. मघाचा घामाचा, पावडरचा वास अजून होता, पण शेगडी विझली होती. अर्लीन कंदील घेऊन दूर खिडकीपाशी बूट शोधत होती. क्लिओफसनं छोट्या ड्रमच्या चामड्याला हात लावला. ढिलं झालंय की नाही ते हातानं नीट कळत नाही, वाजवूनच कळतं. कुठल्याही ड्रमरला विचारा. त्यानं काड्या घेतल्या आणि हलक्या हातानं चार आवर्तनं वाजवली.

आणि थांबला. सवयीनं थांबला, बाबांनो. आयुष्यभर बहिणीबरोबर तसंच वाजवलेलं. हाताला दुसरं येतच नव्हतं.

उत्तर आलं.

चार आवर्तनं, अचूक. टाच, चवडा, घसरा, टाच. काय सुरेख पाय! क्लिओफस खुशीत हसला आणि पुढची चार वाजवली. पुन्हा उत्तर आलं, जरा चढं. त्यानंही चढवलं. मान वर करून म्हणाला, "वा गं पोरी, हे कधी शिकलीस?"

अर्लीन खिडकीपाशी उभी होती. एका हातात कंदील, दुसऱ्या हातात पत्र्यांचे बूट. पायांत रबरी गमबूट.

"मी नाही," ती म्हणाली.

ती चार आवर्तनं क्लिओफसची होती. हात आपोआप वाजवत राहिले. मग त्याची संपली...

हॉलच्या मधोमध, जिथे कोणी नव्हतं, तिथे फळ्या वाजल्या.

"अर्ली, दाराकडे चल."

ती हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर भीती असती तर बरं झालं असतं. तिथे भीती नव्हती. मघाशी डान्समध्ये दाबून ठेवलेलं सगळं तिच्या डोळ्यांत आलं होतं.

"किती छान नाचतोय तो," ती म्हणाली. "क्लिओ, तो मला बोलावतोय."

"अर्ली, नको."

"बोलावल्यावर जायचं नाही? मग मी कसली नाचणारी?"

तिनं गमबूट काढले. बूट चढवले. बंद बांधले. क्लिओफस वाजवतच होता, कारण थांबावं तर पलीकडे काय होईल, ते कळत नव्हतं.

ती मधे गेली.

चार त्याची. चार तिची. आणि मग, तिच्या समोर, हातभर अंतरावर... चार त्या दुसऱ्याची.

ठेका वाढला. क्लिओफसनं वाढवला नव्हता.

चार. चार. चार.

कंदील खिडकीत होता. भिंतीवर अर्लीनची सावली होती. एकच सावली होती. आणि पाय चार वाजत होते.

ती हसत होती. मग हसायची थांबली.

"क्लिओ... दमले रे."

"थांब मग!"

"थांबता... येत नाही..."

क्लिओफसनं काड्या फेकल्या. उडी मारून तिला कमरेला धरलं, खांद्यावर टाकलं आणि जिन्याकडे पळाला. किल्ली नाही, कंदील नाही, ड्रम नाही.

मागे हॉलमध्ये पाय वाजत होते. चार आवर्तनं. मग शांतता, ड्रमची वाट बघितल्यासारखी... मग पुन्हा चार.

मिस्टर सग्ज जागेच होते. त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो हा. "निरोपाचे ठोके दिलेस का?"

"नाही. पळालो."

म्हातारा मटकन खुर्चीत बसला. मिसेस सग्ज तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

मग मिस्टर सग्जनी सांगितलं. जुनिअस पेटवे म्हणून गावातलाच एक नाचणारा. काही वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये बाहेरगावच्या बँडच्या ड्रमरशी त्याची पैज लागली. चार तुझी, चार माझी. ड्रमर हरायला लागला, तेव्हा त्यानं गंमत केली. जुनिअसच्या पाळीत काड्या खिशात घातल्या आणि जिना उतरून निघून गेला. लोक पोट धरून हसले. पण जुनिअस थांबेना. आधी थांबला तो हरला ना. ड्रमची वाट बघत नाचत राहिला. लोक हसून हसून दमले आणि घरी गेले. कोणाला वाटलं नाही, की याला थांबवावं. सकाळी दार उघडलं तेव्हा...

"तेव्हा काय?" क्लिओफसनं विचारलं.

"ते राहू दे," मिस्टर सग्ज म्हणाले. "मी उघडलं होतं ते दार. पाय बघवत नव्हते."

तेवढ्यात गादीवरून आवाज आला. टक. टक-टक.

अर्लीन पडली होती, डोळे उघडे, आणि गोधडीखाली पाय चालू होते. मिसेस सग्जनी बूट काढले. अनवाणी पाय चालूच. त्यांनी घोटे धरले, वर आपलं वजन टाकलं, बायबलमधल्या ओळी म्हटल्या. पाय त्यांच्या हातांत फडफडत राहिले. चार आवर्तनं... थांबणं... चार आवर्तनं. आणि त्या थांबण्याच्या वेळी हॉलच्या बाजूनं काहीतरी ऐकू यायचं. पावसात नीट कळत नव्हतं. कोणी खिडकी उघडली नाही.

"थांबव ना रे मला," अर्लीन म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "क्लिओ, छातीत दुखतंय."

क्लिओफस दाराकडे धावला. हॉलमध्ये जाऊन तिथेच ठोके द्यायचे, म्हणत होता. मिस्टर सग्जनी त्याला अडवलं. "तू जाऊन येईपर्यंत ही टिकायची नाही."

"मग काय करू? सांगा ना, काय करू?"



क्लिओफस बहिणीच्या उशाशी बसला. गादीपलीकडे जमिनीची लाकडी फळी होती. त्यानं मुठी आवळल्या. अर्लीनचे पाय थांबले, त्याची पाळी आली, आणि त्यानं फळीवर निरोपाचे ठोके दिले.

तिनं ते घेतले. पायांनी, हळू, एकेक करून. लहानपणी तव्याबरोबर घ्यायची तसेच.

पाय थांबले.

हॉलची बाजूही गप्प झाली. नुसता पाऊस.

"झालं," क्लिओफस म्हणाला. हसला, रडला, तिच्या कपाळाचे मुके घेतले. "झालं गं, अर्ली. सुटलो आपण. झोप आता."

तिच्या चेहऱ्यावर किती शांत भाव होता, म्हणे. मिस्टर सग्जनीही "देवा, तुझे उपकार" म्हटलं. मिसेस सग्ज पुढे आल्या, अर्लीनच्या नाकापाशी हात धरून उभ्या राहिल्या... उभ्याच राहिल्या... मग त्यांनी क्लिओफसकडे बघितलं.

ठोके त्यानंच दिले होते.

आम्ही तिला मस्कोगीला आईशेजारी पुरलं. तो म्हणायचा, "आई म्हणाली होती एकटी सोडू नकोस, आणि मीच तिला निरोप दिला." काय समजूत घालणार? मी घातली नाही. काही दुःखांना समजूत नसते.

मिस्टर सग्जनी त्याचे ड्रम खोक्यांत बांधून रेल्वेनं पाठवले होते. उन्हाळ्यापर्यंत त्यानं त्यांना हात लावला नाही. मग एक दिवस म्हणाला, विकून टाकू, तू ये सोबतीला. भर दुपार होती. मोठ्या ड्रमची दोरी मी सोडली. दोन्ही बाजूंची चामडी घट्ट, कड्या गंजून बसलेल्या, कोणी उघडल्याची खूण नाही.

पुढच्या चामड्यावर बुटांचे ठसे होते. टाचेची पत्री, चवड्याची पत्री, स्वच्छ उठलेली. एक जोडी बाईच्या लहान पायांची. तिच्यासमोर, चार बोटं अंतरावर, एक पुरुषाच्या.

मी बोट फिरवून पाहिलं. खळगे नव्हते. उंचवटे होते. ठसे आतून उमटले होते.