रिकाम्या हातांचं वजन

ही हकीकत तुम्हाला पटणार नाही. आजवर कुणालाच पटलेली नाही, आणि ज्या एकदोघांना पटली त्यांनी मला पुन्हा घरी बोलावलं नाही. तेव्हा पटवून घ्यायच्या भानगडीत पडू नका, नुसती ऐका.

एक काटेवाला होता. म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारा. खाली दुकान, वर दोन खोल्या, मध्ये कुरकुरणारा लाकडी जिना. दुरुस्त झालेल्या प्रत्येक मोठ्या काट्यावर तो आधी स्वतः उभा राही. त्याचं वजन लग्नाआधीपासून बासष्ट किलोवर अडून बसलं होतं. बायकोच्या हातचं खाऊनही ते हललं नव्हतं. गिऱ्हाइकांनाही ते पाठ होतं. सुई बासष्टवर थांबली की काम चोख. काटेवाला गप्पा भारी हाणायचा, पण काट्यावर उभा राहिला की खोटं बोलत नाही, असं लोक म्हणत.

त्याला मुलगी झाली. पोर गोड होती, फक्त खाली ठेवायची सोय नव्हती. हातांवर असली की दगडासारखी झोपे. पाठीला गादी टेकायचा अवकाश, की डोळे टक्क उघडे आणि घर डोक्यावर. बायकोचे टाके अजून ओले होते. ती खुर्चीत बसून पोरीला छातीशी धरून पेंगायची आणि पोर निसटेल या धास्तीने दचकून जागी व्हायची. तिने एक दुपार आडवं पडून सलग झोपावं, एवढंच काटेवाल्याला हवं होतं. जगाकडे त्याचं दुसरं काही मागणं उरलं नव्हतं.

मग सल्ले सुरू झाले. ते फुकट असतात म्हणून ढिगाने येतात. काटेवाल्याची ताई मदतीला येऊन राहिली होती. तीन मुलं वाढवली, या भांडवलावर ती साऱ्या जगाला शिकवायची. आधी पाय टेकव, मग कुल्ले, मग पाठ, डोकं सगळ्यात शेवटी, आणि हात काढायची घाई करू नकोस. गरम पाण्याच्या पिशवीने गादी शेकून झाली. दुपट्यात गुंडाळून झालं. काटेवाल्याने अंगाई म्हटली, तर पोर दुप्पट रडली आणि शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. तुझ्या हातालाच गुण नाही, असा ताईने निकाल दिला.

एका दुपारी वैतागून त्याने बायकोला आणि ताईला आतल्या खोलीत पिटाळलं. पाय, कुल्ले, पाठ, डोकं. श्वास रोखून आधी उजवा हात सोडवला, मग डावा. तो सरळ उभा राहिला. पोर झोपलेली होती.

त्याचे हात मात्र कोपरात वाकलेलेच राहिले होते, मूल धरल्यासारखे. आणि त्यांच्यावर वजन होतं.

मुंग्या आल्या असतील, असं त्याने स्वतःला समजावलं आणि नाक खाजवायला एक हात काढून घेतला. पोर किंचाळली. पुन्हा उचलली, पुन्हा निजवली. हात तसेच धरून ठेवले तोवर ती गाढ. हात सैल सोडले की भोकाड. हे इतक्यांदा झालं की योगायोग म्हणायची त्यालाच लाज वाटली.

हात फसतो, काटा फसत नाही, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा. रिकामे हात छातीशी धरून तो जिना उतरला आणि पोत्यांच्या काट्यावर उभा राहिला. सुई साडेपासष्टवर थांबली. शेजारच्या काट्यावरही साडेपासष्ट. पोर साडेतीन किलोची होती. वर निजली आहे ती कोण आणि हातात आहे ते काय, हा हिशेब त्याने मांडला आणि लगेच मोडला.

बायको उठल्यावर त्याने सांगून टाकलं. ऐकताना ती हसत होती. नवऱ्याच्या थापांची तिला सवय होती.

"धर जरा," तो म्हणाला.

हसत हसतच तिने हात पुढे केले. तिची कोपरं खाली गेली. हसू तिथेच थांबलं. थोड्या वेळाने, कुणी न सांगता, तिने ते खांद्यावर घेतलं आणि मानेला हाताचा आधार दिला.

त्या दिवसापासून पाळ्या लागल्या. असल्या गोष्टींवर आपला काडीचा विश्वास नाही, असं सांगत ताईनेही आपली पाळी धरली. दुसऱ्याकडे देताना मात्र "मान सांभाळ" म्हणायला ती कधी विसरली नाही. झालं काय, तर पोर पाळण्यात आणि घरातले दोन हात कायमचे अडकलेले. आगीतून फुफाट्यात. बायकोची झोप होती तिथेच राहिली. किराणावाल्याचा काटा खोलून पडला होता, आणि तो रोज येऊन टोमणा मारी, हात बांधून उभा असतोस, राजा झालास की काय.

काटेवाल्याने ते वजनही निजवून पाहिलं. पाय कुठे, डोकं कुठे, अंदाजाने. परातीत ठेवलं, गोणपाटावर ठेवलं, दर वेळी वर पोर रडली. शेवटी तो आपल्या हातांकडे बघून वसकन ओरडला, ज्याचं असशील त्याच्याकडे जा. हातातलं ते किंचित हललं आणि छातीला आणखी चिकटलं.

मग एका दुपारी टेबलावरून स्क्रू पडला आणि त्याने बेसावधपणे वाकून उचलला. हात खाली गेले. तो रडण्याची वाट बघत थांबला.

वर शांतता होती. हात हलके होते. तो धावत वर गेला. पोर मुठी उघड्या टाकून झोपली होती.

"गेलं ते," त्याने बायकोला सांगितलं.

"नक्की?"

"नक्की."

काट्यावर मात्र तो उभा राहिला नाही. बायको पलंगावर आडवी झाली आणि बघता बघता घोरू लागली. तो तिच्या उशाशी बसून राहिला. शर्टाची कॉलर गळ्याला काचत होती. त्याने वरचं बटण सोडलं. तरी काचतच होती.

पुढे बायकोच्या तोंडावर तजेला आला. ताई आपल्या घरी गेली. किराणावाला काटा न्यायला आला, तेव्हा काटेवाल्याने सारी कथा तिखटमीठ लावून ऐकवली. किराणावाला पोट धरून हसला. शेवटी काय झालं, त्याने विचारलं. काही नाही, ठेवलं खाली आणि सुटलो, काटेवाला म्हणाला.

"बरं. आता उभा राहा."

काटा बरोबर आहे, घेऊन जा, असं काटेवाला म्हणाला.

"उभा राहा की."

तो चढला. दोन्ही हात मोकळे, बाजूला सोडलेले.

सुई बासष्टवर थांबली नाही.

साडेपासष्टवरही थांबली नाही, पुढेच सरकत राहिली.

वर पोर झोपली होती. जिनासुद्धा कुरकुरत नव्हता.

किराणावाला एक पाऊल मागे सरला.

"खोटं बोलतोस तू," तो हळूच म्हणाला. "ते गेलेलं नाही. पण हात तर तुझे रिकामे आहेत. मग आता कुणी कुणाला धरलंय?"