पहिल्या दाताचा रकाना

"गोळी आधी पालकांनी चावायची, मग मुलांनी!" शाळेच्या हॉलमध्ये मी जाहीर केलं. दातांवर जिथे घाण उरते तिथे त्या गोळीचा रंग चढतो. आई-बाप एकमेकांकडे बघत बसले. पुढे आला तो एकटाच... खिशाला बारीक स्क्रू-ड्रायव्हर, कडेवर सहा वर्षांची भिंगरी. गोळी चावून तो माझ्याकडे बघून हसला. दात जांभळेगर्द!

"नापास का हो, डॉक्टर?"

"साफ नापास," मी म्हटलं आणि उगाचच लाजले.

मग त्याचा फॉर्म वाचला आणि डोकं फिरलं. 'दुधाचे दात किडले तर?' यापुढे लिहिलेलं, 'पडणारच आहेत ना?' 'पहिला दात कधी आला?' हा रकाना तर कोराच.

"कसले बाप हो तुम्ही? एवढंही ठाऊक नाही?"

त्याने फक्त भिंगरीला जरा घट्ट धरलं.

पुढच्या मंगळवारी दोघं दवाखान्यात हजर. त्याच्या पुढच्याही. खरं तर सहा महिन्यांनी आले असते तरी चाललं असतं.

"आज काय?"

"ब्रश नीट धरते का, बघा."

"गेल्या मंगळवारी बघितलं की."

"तेव्हापासून बोटं वाढली असतील..."

एकदा माझा चष्मा नाकावरून घसरला. तो चष्म्यांच्या दुकानात कामाला. त्याने चष्मा अलगद काढला, स्क्रू आवळला, पुन्हा नाकावर ठेवला. समोरचं सगळं लख्ख दिसायला लागलं, मनातला गोंधळ मात्र तसाच. हा येतो कशासाठी? बायको कधीच कशी सोबत नसते? आणि मंगळवार आला की मी जिन्यावरची पावलं का ऐकते? मला तो आवडत होता... एका लेकराचा बाप! स्वतःचीच लाज वाटली.

शेवटी मी दुसऱ्या डॉक्टरच्या नावाची चिठ्ठी लिहिली.

"यापुढे यांच्याकडे जा."

त्याचा चेहरा पडला. "त्या रकान्याचा राग अजून गेला नाही? मला खरंच माहीत नाही हो. ही माझ्या ताईची मुलगी. दोन वर्षांपूर्वी ताई आणि भाऊजी अपघातात गेले. ही माझ्याकडे आली तेव्हा हिला सगळे दात आलेले होते... घरी आम्ही दोघंच, विचारणार कुणाला?"

आणि मी त्याला भर हॉलमध्ये काय बोलले होते!

"मामा, दाखवू?" भिंगरीने मूठ उघडली. तळहातावर इवलासा दात.

"आला कधी, ते नाही सांगता यायचं," तो हळूच म्हणाला. "पण पडला आज सकाळी, सव्वासातला, ब्रश करताना. हे लिहिलं तर चालेल?"

मी खणातून फॉर्म काढला. लिहिताना अक्षरं धूसर झाली. मग ती चिठ्ठी फाडली.

"नवा दात कधी येईल?"

"दोनेक महिन्यांत."

"तोवर... मंगळवारी येऊ ना?"

"नको."

तो उठलाच.

"मंगळवारी मीच येते, तुमच्या दुकानात," मी म्हटलं. "चष्मा सैल झालाय."

चष्मा अगदी घट्ट होता. तो त्यानेच तर आवळला होता.